नावं बदलली की कादंबरी आपली होते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. एका गाजलेल्या जादूच्या मालिकेतल्या दोन पात्रांवर तुम्ही दोन वर्षं फॅन फिक्शन, म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन चाहत्याने रचलेली गोष्ट, लिहिलंत. ४१ भाग, जवळपास १,२०,००० शब्द. तुमच्या गोष्टीत जादू नाही. ती दोघं एका वेधशाळेत रात्रपाळी करतात. दोन मैत्रिणींनी प्रत्येक भाग आधी वाचून दुरुस्त्या सुचवल्या, त्यातल्या एकीने शेवटही सुचवला. आता एक प्रकाशक म्हणतोय, नावं बदला, आपण पुस्तक काढू. आणि एका जुन्या वाचक बाईंनी तुम्हाला लिहिलंय, ‘आपण सगळ्यांनी मिळून वाढवलेलं तू विकायला काढलंस.’ तुम्ही विचारताय, ही चोरी आहे का?

मी १८ वर्षं कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते आहे. फॅन फिक्शनमधून आलेली पाच हस्तलिखितं माझ्या हाताखालून गेली. तीन छापली, एक मी परत पाठवलं, एक लेखिकेनेच मागे घेतलं. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याबद्दल जे सांगेन ते कामापुरतं समजा. करारावर सही करण्याआधी तुमच्या देशातल्या कॉपीराइटच्या जाणकाराला संहिता दाखवाच.

मला तुमच्या पत्रात दोन वेगवेगळी देणी एकमेकांत गुंतलेली दिसतात. एक देणं मूळ लेखिकेचं: तिची पात्रं, तिचं जग, तिने जमवलेला वाचक. दुसरं देणं तुमच्या भोवती दोन वर्षं बसलेल्या माणसांचं. प्रकाशक तुमच्याशी फक्त पहिल्याबद्दल बोलतोय, कारण खटला तिथून येऊ शकतो. तुमची झोप मात्र दुसऱ्याने उडवली आहे. दोन्ही देणी एकाच उपायाने फिटत नाहीत, म्हणून वेगवेगळी घेऊ.

पहिलं आधी. असं करणारे तुम्ही काही पहिले नाही. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ मुळात ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायरच्या प्रेमकथेवरची फॅन फिक्शन होती, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका लहान प्रकाशनाने ती नावं बदलून काढली आणि पुढच्याच वर्षी मोठ्या प्रकाशकाने उचलली. ‘आफ्टर’ वॉटपॅड या गोष्टी लिहायच्या-वाचायच्या संकेतस्थळावर २०१३ मध्ये एका गायकवृंदातल्या खऱ्याखुऱ्या गायकावर लिहिली जात होती, २०१४ मध्ये तिचं पुस्तक आलं. २०२१ ची ‘द लव्ह हायपोथिसिस’ ‘स्टार वॉर्स’च्या दोन पात्रांवरून निघाली. तिन्हींत एक साम्य आहे. फॅन फिक्शन असतानाच या गोष्टी मूळ जगापासून लांब गेल्या होत्या: व्हॅम्पायर नाहीत, अंतराळयुद्ध नाही. उरले होते दोन स्वभाव आणि त्यांच्यातला ताण. भांडणारी दोन माणसं शेवटी एकमेकांची होतात, ही कल्पना कुणाच्याही मालकीची नसते. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला मिळतो. एखादं पात्र कुठवर ‘कल्पना’ असतं आणि कुठून पुढे ‘मांडणी’ होतं, ही रेघ मात्र प्रत्येक देशात आणि प्रत्येक न्यायाधीशापुढे थोडी हलते. म्हणूनच जाणकाराला दाखवा म्हणाले.

उलट टोकाचं उदाहरणही लक्षात ठेवा. टॉल्किनच्या एका चाहत्याने त्या कथेचा पुढचा भाग पात्रांसह, भूगोलासह लिहून २०२२ मध्ये विकायला काढला. इतकंच नाही, टॉल्किनचे वारस आणि ॲमेझॉन यांनी आपल्याच पुस्तकावरून मालिका बेतली, असा दावा त्याने ठोकला. अमेरिकेतल्या न्यायालयाने तो फेटाळला आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. वर समोरच्यांच्या वकिलांचा सुमारे १,३४,००० डॉलर खर्चही त्याच्यावर पडला. तुमचं प्रकरण इथे जवळपासही नाही. पण ‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

इथे हमखास एक जण विचारतो: मग कर्णावर, ययातीवर कादंबऱ्या झाल्या त्या कशा चालल्या? चालल्या, कारण महाभारत सगळ्यांचं आहे. शिवाय अशा कादंबरीत कर्णाचं नाव कर्णच असतं. ती मूळ कथेशी उघडपणे वाद घालते. वाचकाला मूळ कथा ठाऊक असणं हीच तिची ताकद. जीन ऱ्हिसने १९६६ मध्ये ‘जेन एअर’मधल्या माळ्यावर कोंडलेल्या बायकोची बाजू लिहिली, तेव्हा मूळ कादंबरीला शंभरावर वर्षं झाली होती आणि हे कुणाबद्दल आहे ते लपवलेलं नव्हतं. तुम्ही करणार ते याच्या उलट आहे. तुम्ही नाव पुसणार, नाळ तोडणार आणि वाचकाला सांगणार की ही माणसं इथेच जन्मली. नाळ तोडायला माझी हरकत नाही. पण मग बाळाला स्वतःचा श्वास स्वतः घेता आला पाहिजे. माझ्या दृष्टीने पहिल्या देण्याचा सगळा निवाडा इथेच होतो.

हे मी कशी तपासते ते एका हस्तलिखितावरून सांगते. इस्पितळात घडणारी कादंबरी होती, पूर्वाश्रमीची फॅन फिक्शन. पहिल्याच पानावर असं होतं: ‘दार उघडलं. मनगटावरची खूण बाहीखाली झाकत तो आत आला आणि तिच्याकडे बघून नेहमीसारखं हसला.’ मी मूळ मालिका वाचलेली नव्हती. समासात पेन्सिलीने लिहिलं: कसली खूण? नेहमीसारखं म्हणजे कसं, मी तर त्याला आत्ताच भेटतेय. लेखिका फोनवर म्हणाली, ‘अहो, ते सगळ्यांना माहीत असतं.’ तिचं ‘सगळे’ म्हणजे मालिकेचे वाचक. त्या खुणेला मूळ लेखकाने हजारो पानं खर्चून वजन दिलं होतं. आमच्या पानावर ती नुसती खूण होती.

याला मी आयता जिव्हाळा म्हणते. फॅन फिक्शनमध्ये तो गैर नाही, उलट त्या प्रकाराचा तो आत्माच आहे. वाचक आधीच जीव लावून आलेला असतो, तुम्ही पहिल्या ओळीपासून थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवू शकता. पण पुस्तकाला किंमत लावून तिऱ्हाइताच्या हाती दिलं की तो जिव्हाळा तुमच्या खात्यावर नसतो. तो दुसऱ्या कुणीतरी मिळवलेला असतो. नावं बदलूनही तुमची कादंबरी त्यावरच जगत असेल तर, न्यायालय काहीही म्हणो, तुम्ही दुसऱ्याच्या कष्टाचं विकताय.

त्या लेखिकेने चौदा महिने घेतले. मी तिला एवढंच विचारत राहिले, खूण काढून टाकली तर हा माणूस लपवतो काय? पाचव्या खर्ड्यात तिला सापडलं. नव्या पहिल्या प्रसंगात तो वॉर्डात शिरतो आणि रुग्णांची यादी मोठ्याने वाचायला लागतो. एका नावाशी अडखळतो, ते नाव गाळतो आणि म्हणतो, ‘खाट क्रमांक नऊ.’ त्या खाटेवरच्या माणसाचं नाव त्याच्या गेलेल्या भावाचं आहे, हे वाचकाला ऐंशी पानांनी कळतं. मूळ मालिकेत भाऊच नव्हता. एकदा भाऊ आला तशी आई बदलली, आई बदलल्यावर त्याचं हसणं बदललं, आणि नायिकेशी भांडायचं कारणही वेगळं झालं. तेव्हा मला खात्री पटली की आता हे पुस्तक तिचं आहे.

तुम्ही घरी करण्यासारखी तपासणी: पहिले तीन भाग अशा माणसाला द्या, ज्याने ती मालिका वाचलेली नाही, सिनेमेही पाहिलेले नाहीत. त्याला मत विचारू नका. जिथे ‘हा कोण?’, ‘हिला एवढा राग का?’ असं वाटेल तिथे फक्त फुली मारायला सांगा. प्रत्येक फुलीपाशी तुम्ही उसनं घेतलेलं आहे. मग तेच भाग मालिकेच्या कट्टर चाहतीला द्या, आणि कुठल्या ओळीला तिने जोडी ओळखली ते विचारा. केसांच्या रंगावरून किंवा फटकळ स्वभावावरून ओळखली तर मी फारसं मनावर घेत नाही, तशी माणसं जगात असतात. एखाद्या संवादावरून, विशिष्ट प्रसंगावरून, नातेवाइकांच्या तंतोतंत गोतावळ्यावरून ओळखली, तर तो भाग पाडून नव्याने बांधायचा. तुमच्या वेधशाळेचा इथे मोठा फायदा आहे. रात्रीचं काम, थंडी, ढग आले की वाया गेलेले तास, हे सगळं तुमचं आहे. माझा अंदाज, तुम्हाला पात्रांच्या भूतकाळावर सर्वांत जास्त काम पडेल, कारण तिथेच मूळ मालिका दडून बसते.

परत पाठवलेल्या हस्तलिखिताबद्दलही सांगते. त्यात हे काहीच झालं नव्हतं. शोधा आणि बदला, एवढंच. राजवाड्याचं कॉलेज झालं होतं, पण सिंहासनासाठीचं भांडण वसतिगृहाच्या सेक्रेटरीपदासाठी जसंच्या तसं चाललं होतं, त्याच क्रमाने, त्याच तीन विश्वासघातांसह. २१२ व्या पानावर मूळ नायकाचं नाव तसंच राहून गेलं होतं. लेखिका गुणी होती, तिची भाषा मला अजून आठवते. मी तिला लिहिलं की ही भाषा घेऊन दुसरी गोष्ट आणा. तिला राग आला, आणि तो राग मी समजू शकते.

एका गोष्टीकडे लेखकांचं सहसा लक्ष जात नाही. फॅन फिक्शनमध्ये मूळ लेखकाचं जेवढं असतं, जवळपास तेवढंच फँडमचं, म्हणजे चाहत्यांच्या समुदायाचंही असतं. नायक विचारात पडला की अंगठी फिरवतो, हे मूळ पुस्तकात आहे, तुम्ही घातलंत, की दहा जणांच्या गोष्टींत वाचून तुमच्यात आलं? अशी एक यादी करा. पाणवठा सगळ्यांचा असतो, तिथून घागर भरून नेण्यात काही वावगं नाही. पाणवठ्यावर स्वतःची पाटी लावणं वाईट. अमेरिकेत २०१८ मध्ये एका लेखिकेच्या बाजूने दुसरीची पुस्तकं संकेतस्थळांवरून उतरवण्यासाठी कॉपीराइटच्या नोटिसा गेल्या आणि प्रकरण न्यायालयात पोचलं. वाद होता तो ‘ओमेगाव्हर्स’ नावाच्या कल्पनाविश्वाच्या संकेतांवर, जे फॅन फिक्शन लिहिणाऱ्या असंख्य अनामिक लोकांनी मिळून घडवले होते. उद्या तुमची कादंबरी चालली आणि दुसऱ्या कुणी वेधशाळेतली प्रेमकथा आणली, तर तुम्ही कशा वागणार, हे आजच ठरवून ठेवा.

इथवरचं थोडक्यात: कल्पना मोकळी आहे, आयता जिव्हाळा परत करायचा, आणि पाणवठ्यावर पाटी लावायची नाही. आता दुसरं देणं. तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा मला इथे वाटतो.

हे जग दानावर चालतं. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅन फिक्शनचं संकेतस्थळ ज्या संस्थेचं आहे ती २००७ मध्ये स्थापन झाली, संकेतस्थळ २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. ते देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालतं, आणि तिथे विक्रीची जाहिरात करायला नियमानेच बंदी आहे. अशा ठिकाणी जी बाई रात्री जागून तुमच्या ४१ भागांवर अभिप्राय लिहिते, ती ‘इथे कुणीच कमावत नाही’ या समजुतीवर लिहिते. तुम्ही करार करता तेव्हा ती समजूत तुमच्यापुरती बदलते. बदलण्याचा हक्क तुम्हाला आहे, शब्द तुमचे आहेत. पण तिला ते प्रकाशकाच्या जाहिरातीतून कळावं, हे मला मान्य नाही.

मग त्या बाईंचं ‘आपण सगळ्यांनी मिळून’ खरं का? माझं मत स्पष्ट आहे: वाचकाच्या अभिप्रायाने लेखनात वाटा मिळत नाही. ‘पुढचा भाग कधी?’ या प्रश्नाने तुम्हाला लिहितं ठेवलं असेल, पण वाक्यं तुम्ही लिहिलीत. त्यांना रॉयल्टीतला हिस्सा देणं लागत नाही. त्यांना वेळेवर आणि सरळ सांगणं लागतं. मी माझ्या लेखिकांना सांगते, गोष्ट संकेतस्थळावरून काढण्याआधी निदान महिनाभर तिथेच सूचना लावा: ही गोष्ट मी नव्याने लिहून कादंबरी करते आहे, अमुक तारखेला इथून काढेन, तुमच्या सोबतीबद्दल ऋणी आहे. पुस्तकाचं नाव नको, विकत घ्या नको, नियमातही बसत नाही आणि शोभतही नाही. काहींनी आधीच प्रत उतरवून घेतलेली असेल. त्यांच्या मागे लागू नका, ती त्यांना तुम्हीच दिली होती. त्या प्रती छापून बांधून परस्पर विकणाऱ्यांना मात्र हटका. हे प्रकार होतात आणि त्यात लेखकाला दमडीही मिळत नाही.

रागावलेल्या बाईंना उत्तर जरूर द्या, एकदाच, लांबलचक खुलासा न करता. त्यांचं दुःख खरं आहे. ज्या अंगणात त्या रोज येऊन बसत होत्या तिथे उद्या कुंपण लागणार आहे.

बीटा रीडर, म्हणजे भाग आधी वाचून दुरुस्त्या सुचवणाऱ्या तुमच्या मैत्रिणी, यांचं प्रकरण मात्र वाचकांपेक्षा वेगळं आहे, आणि इथे मी फार कडक आहे. छापलेल्या तिघींपैकी एकीच्या हस्तलिखितात एक ओळ होती: ‘तिने माफी मागितली नाही, फक्त त्याच्या पेल्यात आधी पाणी ओतलं.’ मी समासात लिहिलं, सबंध पुस्तकातलं सर्वांत चांगलं वाक्य. लेखिकेचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, ‘ते माझं नाही.’ बीटा रीडरने तीन वर्षांपूर्वी समासातल्या सूचनेत ते सुचवलं होतं, हिने जसंच्या तसं उचललं होतं. तेव्हा त्यात काही गैर नव्हतं, दोघी एकमेकींसाठी तेच करत होत्या. आता प्रश्न वेगळा झाला होता. आम्ही त्या बाईंना लिहिलं. त्यांनी आनंदाने लेखी परवानगी दिली, आणि ऋणनिर्देशात आपलं खरं नाव न देता टोपणनाव द्या एवढंच मागितलं. दुसऱ्या एका पुस्तकाच्या वेळी बीटा रीडरने नकार दिला. तिची सहा वाक्यं आणि एक अख्खा प्रसंग आम्ही काढला. नव्या प्रसंगाला जुन्याची सर आली नाही, हेही मान्य करते.

म्हणून जुन्या फाइली उघडा. समासातल्या सूचना एकेक करून बघा. व्याकरण, ‘इथे लांबलंय’, ‘हा असं बोलणार नाही’ या सूचनांसाठी कृतज्ञता पुरे, पण ती पुस्तकात छापून. जिथे त्यांची वाक्यं आहेत तिथे लेखी परवानगी, नाहीतर नवं वाक्य. एखादा भाग दोघींनी मिळून लिहिला असेल तर तो तुमच्या एकटीचा नाहीच; करारात त्यांचं नाव आणि पैशात वाटा, किंवा तो भाग बाहेर. चित्रं काढून देणाऱ्यांना आणि गोष्ट वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्यांनाही हेच लागू. त्यांची चित्रं मुखपृष्ठासाठी प्रकाशकाकडे ‘नमुना’ म्हणूनसुद्धा पाठवू नका.

सुचवलेल्या शेवटाबद्दल नियम सांगता येत नाही. ‘शेवटी त्याने निघून जावं’ एवढंच ती म्हणाली असेल तर ती कल्पना आहे, कायद्याने मोकळी. पण तुमचं पत्र वाचून मला वाटतं की तिने त्याहून बरंच दिलंय: का जावं, कुठल्या रात्री जावं, जाताना काय ठेवून जावं. तसं असेल तर तिला विचारा, आणि पैशाची गोष्ट तुम्हीच काढा. मैत्रिणीला स्वतःहून मागायला फार जड जातं. एकरकमी मानधन देऊन लेखी मोकळीक घेणं हा स्वच्छ मार्ग आहे. ती नको म्हणाली तरी विचारलेलं राहतं.

प्रकाशकाशी बोलताना एकच पथ्य: सगळा इतिहास लेखी सांगा, सहीच्या आधी. बहुतेक करारांत एक हमीचं कलम असतं की लेखन सर्वस्वी माझं आहे, आणि त्याला जोडून नुकसानभरपाईचं, की यावरून दावा झाला तर खर्च लेखकाचा. ‘नावं बदला’ म्हणणारा प्रकाशक ते कलम कसं लिहितो यावरून त्याची नियत कळते. त्याला माहीत असताना सगळी जोखीम तुमच्यावर ढकलत असेल तर ते कलम बदलून घ्या. मलपृष्ठावर मूळ जोडीकडे डोळा मारणारा मजकूर तो सुचवेल, अलीकडे अशी जाहिरात बरीच चालते. कुणी विचारलं तर खरं सांगावं, पूर्वेतिहास लपवण्यासारखा नाही. पण मुखपृष्ठावरून तीच हाक मारणं म्हणजे परत केलेला जिव्हाळा पुन्हा मागून घेणं. मी माझ्या पुस्तकांवर ते होऊ दिलेलं नाही.

आता सही करू नका. आधी दोन्ही मैत्रिणींना वेगवेगळं पत्र लिहा, एकत्र गटात नाही, म्हणजे एकीच्या होकाराचं दडपण दुसरीवर येणार नाही. शेवट सुचवणारीने नकार दिला तर? मागे घेतलेलं ते पाचवं हस्तलिखित याच वळणावर अडलं होतं. लेखिकेने चार महिने दुसरा शेवट शोधला, तिला सापडला नाही, आणि तिने प्रकाशकाला आगाऊ रक्कम परत केली. तुमचंही तसंच होईल असं नाही. ढगाळ रात्रीचा तुमचा २७ वा भाग तुम्ही सोबत जोडलात, तो मी दोनदा वाचला. त्यात दोघं दुर्बिणीचं छत बंद करून नुसती बसून राहतात, आणि मूळ मालिकेतलं मला तिथे काहीही सापडलं नाही. नवा शेवट लागलाच, तर त्या रात्रीपासून शोधायला लागा. प्रकाशकाकडे सहा आठवडे मागा.